शेवटच्या घराचं इंटरनेट

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहावरून इंटरनेट आणण्यासाठी या कंपनीशी रीतसर हात मिळवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या दिवशी जाहीर केलं. बातमीत दुर्गम भागांची म्हणून चार नावं होती: गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम. वाशिमचं नाव मुंबईच्या बातम्यांत एरवी येतं ते पोहरादेवीच्या यात्रेमुळे, नाहीतर सोयाबीनच्या भावामुळे. त्यामुळे ‘आता वरून नेट येणार’ ही गोष्ट जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात पसरायला उपग्रहाची गरज पडली नाही.

ही पुस्तिका त्या बातमीनंतर लोक जे प्रश्न विचारू लागले, त्यांतून तयार झाली. छत्री कुठे बसवायची, पावसात चालते का, लाइन गेली की काय, महिन्याला किती पडेल, आणि मुळात आपल्याला ती लागते का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी ती चार नावं पाहू. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नेमके हेच चार जिल्हे निवडले गेले होते. ती यादी आरोग्य, शिक्षण, शेती, पायाभूत सोयी यांच्या निर्देशांकांवरून झाली होती. मोबाइलची रेंज कुठे पोचत नाही, यावरून नव्हे. म्हणजे वाशिम जिल्हा मागे आहे हे खरं, पण गडचिरोलीतल्या भामरागडच्या जंगलातलं गाव आणि मालेगाव तालुक्यातलं मेडशी यांची अडचण एकच आहे असं समजणं चूक. मेडशी अकोला–वाशिम रस्त्यावर, पातूर ओलांडल्यावर लागतं. राष्ट्रीय महामार्ग १६१ चं चौपदरीकरण झालं तेव्हा कामाचे टप्पेच ‘अकोला ते मेडशी’ आणि ‘मेडशी ते वाशिम’ असे पाडले होते. गावात मोबाइलचा टॉवर आहे, दुकानात क्यूआर कोड आहे, पोरांच्या हातात रील आहे.

पण महामार्ग सोडून आत वळलं की चित्र पालटतं. पातूरच्या डोंगररांगा, काटेपूर्णा अभयारण्याचं जंगल, खोलगटात वसलेले तांडे, वावरातच घर बांधून राहिलेली कुटुंबं. टॉवरची लहर साधारण सरळ रेषेत जाते. मध्ये टेकडी आली की ती तिथेच अडते. तांड्यावरचा माणूस फोन घेऊन उतारावरच्या ठरावीक दगडापाशी जाऊन उभा राहतो, कारण ‘टावर’ तिथेच धरतो. एकाच ग्रामपंचायतीत रस्त्यावरच्या घराला फायबर मिळू शकते आणि मागच्या वस्तीवर साधा फोन लागत नाही. उपग्रह इंटरनेटचा विचार करायचा तो या दुसऱ्या घरासाठी. पहिल्या घराला ते परवडलं तरी शोभेचंच ठरेल.

महाराष्ट्राला आभाळातून येणारे संदेश नवीन नाहीत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम भू-केंद्र उभं राहिलं. तिथल्या अँटेनाचा व्यास जवळजवळ ३० मीटर होता. उपग्रह अशक्त होते, म्हणून जमिनीवरचा कान इतका मोठा लागायचा. मग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम थेट टीव्हीवर दाखवले गेले. गावातली अँटेना तीन मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस. शंभरी पार करून २२ ऑक्टोबर २०२५ रोजी ते पुण्यात वारले. त्यानंतरच्या पंधरवड्यातच मुंबईत या इरादापत्रावर सह्या झाल्या. वर्तमानपत्रांनी दोन्ही बातम्या छापल्या, त्यांची सांगड घातलेली मात्र माझ्या वाचनात आली नाही.

साइटमधली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वर्ष संपलं आणि अमेरिकेने आपला उपग्रह परत हलवला. कार्यक्रम थांबले. टीव्ही गावातच होते, वरून काही येत नव्हतं. पुढे इन्सॅट उपग्रह आले, दूरदर्शन पसरलं, तो वेगळा इतिहास. पण प्रायोगिक योजना संपल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता उपग्रहाचं नेट चालतं कसं ते पाहू. मेडशीत कोणत्याही गल्लीत फ्री डिशच्या छत्र्या दिसतात. त्यांची तोंडं नीट पाहिली तर सगळ्या आग्नेयेकडे वळलेल्या असतात, कारण दूरदर्शनच्या फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात आणि तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. ‘उभा’ म्हणायचं ते आपल्या दृष्टीने. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती फिरायला बरोबर एक दिवस लागतो, म्हणून तो जागचा हलत नाही असं वाटतं. एकदा छत्रीचा नट आवळला की वर्षानुवर्षं बघायला नको. मात्र ही छत्री फक्त ऐकते. तिला बोलता येत नाही. इंटरनेटला बोलावंही लागतं. तुम्ही दाबलेलं बटण वर जायला हवं, तिथून एखाद्या मोठ्या भू-केंद्रात उतरायला हवं, तिथून जमिनीखालच्या फायबरने सर्व्हरपर्यंत जाऊन त्याच वाटेने उत्तर परत यायला हवं. म्हणजे आभाळातलं नेटसुद्धा शेवटी वायरीवरच उतरतं. भारतीय ग्राहकांची वाहतूक भारतातल्याच भू-केंद्रातून जायला हवी, अशी सरकारची अट आहे, ती या उतरण्याच्या जागेबद्दल.

उंचावरच्या स्थिर उपग्रहाची अडचण अंतराची आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. वर जाऊन खाली यायला ७१ हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे पाव सेकंदाच्या आसपास. उत्तर यायला तितकंच पुन्हा. नुसत्या प्रवासात अर्धा सेकंद गेला, आणि यंत्रांची देवाणघेवाण धरली तर त्याहून अधिक. बँकेच्या व्यवहाराला, व्हॉट्सअॅपच्या निरोपाला, धडा डाउनलोड करायला याने काही बिघडत नाही. गावातल्या बँकेच्या किंवा एटीएमच्या डोक्यावरची पांढरी व्हीसॅट छत्री याच जातीची, आणि ती वर्षानुवर्षं गुपचूप काम करते आहे. पण ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलायला बसा. ‘किती दिवसांपासून दुखतं?’ असं डॉक्टर विचारतात, पेशंट उत्तर देतो, ते पोचायच्या आत डॉक्टर ‘आवाज येतोय का?’ म्हणतात, मग दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम गप्प होतात. गेम खेळणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका.

नवी पद्धत उपग्रह खाली आणते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. वर जाऊन खाली यायला सेकंदाचे चार हजारांशही (चार मिलिसेकंदही) लागत नाहीत. सगळी यंत्रणा धरून उत्तर बहुधा २५ ते ६० मिलिसेकंदांत येतं, म्हणजे चांगल्या मोबाइल नेटच्या तोडीचं. पण खाली उतरण्याची किंमत आहे. इतक्या कमी उंचीवर उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने पळतो, दीड तासाच्या आसपास पृथ्वीला फेरी मारतो, आणि तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच असतो. म्हणून एक-दोन उपग्रहांनी भागत नाही. या कंपनीने आठ हजारांहून अधिक फिरते ठेवले आहेत. वनवेब या दुसऱ्या कंपनीने सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवर साडेसहाशेच्या घरात ठेवले. त्यांतले ७२ आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून दोन खेपांत नेले: २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३.

पळणाऱ्या उपग्रहाकडे छत्री वळवायची कशी? वळवतच नाहीत. घरावर बसते ती पोळपाटासारखी गोल नसून चौकोनी, सपाट पाटी असते. तिच्या पोटात शेकडो बारीक अँटेना ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येकीकडून निघणारी लहर किंचित मागेपुढे केली की सगळ्यांची मिळून एका ठरावीक दिशेला जोरकस लहर जाते. पाटी जागची हलत नाही, तिची नजर मात्र एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उडी मारत राहते. तुम्ही फोनवर बोलत असताना हे होत असतं आणि झालेलं कळतही नाही. हे तंत्र लष्करी रडारमध्ये जुनं आहे. घराच्या छपरावर परवडेल अशा किमतीला ते आणणं, हीच खरी नवलाई. रॉकेटची चित्रं छापणाऱ्यांनी या पाटीचा एखादा आडवा छेद छापला असता तर बरं झालं असतं.

दोन गोष्टी जाहिरातीत सहसा नसतात. एक, वेग वाटून घ्यावा लागतो. उपग्रहाचा एक झोत जमिनीवर बऱ्याच मोठ्या टापूवर पडतो. त्या टापूतली सगळी घरं एकाच पाटाच्या पाण्यावर असतात. संध्याकाळी आठला सगळ्यांनीच दारं उघडली की शेपटाच्या वावरात धार बारीक होते. दुसरी, अक्षांशाची. स्टारलिंकच्या ताफ्यातले बरेचसे उपग्रह विषुववृत्ताशी ५३ अंशांचा कल ठेवून फिरतात, त्यामुळे त्यांची गर्दी युरोप, कॅनडाच्या आभाळात जास्त. मेडशी २० अंश उत्तरेच्या आसपास आहे. आपल्या डोक्यावर उपग्रह असतातच, पण तिथल्याइतके दाट नाहीत. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेला वेगाचा फोटो पाहून हुरळून जाऊ नका.

पावसाचं म्हणाल तर आपल्याकडचा माणूस ते परदेशी माहितीपत्रकापेक्षा लवकर समजेल. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. जाड थेंबांची भिंत समोर आली की त्या शोषल्या जातात, विखुरतात. चार दिवस लागलेली झड नेटला फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो दुपारी अंधारून येऊन अर्ध्या तासात नाला भरवणारा पाऊस. तेवढा वेळ नेट अडखळतं किंवा जातं, आणि ढग सरकला की आपोआप येतं. ज्याला त्या अर्ध्या तासातही जोडणी लागतेच, उदाहरणार्थ आरोग्य केंद्राला, त्याने दुसरी सोय ठेवावी.

बाजारात आहे काय, हे थोडक्यात. स्थिर उपग्रहांवरची सेवा देणाऱ्या कंपन्या जुन्या आहेत: ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया, टाटा समूहातली नवी मुंबईच्या महापेची नेल्को, आणि बीएसएनएलची व्हीसॅट. ५ डिसेंबर २०१८ रोजी गेलेला इस्रोचा जीसॅट-११ असल्या कामासाठीच आहे. मात्र त्यांचे ग्राहक प्रामुख्याने बँका, पेट्रोल पंप, कंपन्या, सरकारी कार्यालयं. स्थिर उपग्रहांपेक्षा खालच्या कक्षांतल्या सेवांसाठी वनवेबला २०२१ मध्ये, जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. जुलै २०२५ मध्ये अंतराळ उद्योगाला मंजुऱ्या देणाऱ्या इन-स्पेस या केंद्रीय संस्थेने स्टारलिंकला पाच वर्षांची मंजुरी दिली. वनवेब घरोघरी विकत नाही, संस्थांना विकते. स्टारलिंकचा घरगुती ग्राहकावर डोळा आहे, पण परवान्यानंतर स्पेक्ट्रमचा दर, सुरक्षा चाचण्या आणि भू-केंद्रं एवढं बाकी होतं. २०२५ संपेपर्यंत घरगुती जोडणी विक्रीला आलेली नव्हती. राज्याचं इरादापत्रही केंद्राच्या मंजुऱ्यांच्या अधीनच आहे.

या मधल्या काळात घाई करणाऱ्यांचं नुकसान होतं. २०२१ मध्ये परवाना नसतानाच स्टारलिंकच्या सेवेसाठी ९९ डॉलर आगाऊ घेतले जात होते. त्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने लोकांना सावध केलं आणि नोंदणी थांबली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि संचाचे ३४,००० असे आकडे झळकले. दिवस मावळायच्या आत ते गावोगावच्या ग्रुपवर फिरले, आणि मग कंपनीने खुलासा केला की ते चाचणीचे खोटे आकडे चुकून दिसले होते. आकडे अजूनही फिरतात, खुलासा फिरत नाही. कोणी परदेशातून आणलेला संच ‘स्वस्तात’ देत असेल तर हात लावू नका. परवान्याशिवाय असं प्रक्षेपण यंत्र चालवणं गुन्हा आहे, आणि सेवा सुरू नसलेल्या जागी ते चालतही नाही.

आणखी एक आकडा. सरकारच्या वतीने दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं की स्टारलिंकला भारतात २० लाख ग्राहकांपर्यंतच जाता येईल. देशात सहा लाखांच्या आसपास वस्तीची गावं आहेत. शहरांनी एकही जोडणी घेतली नाही असं धरलं, तरी गावामागे तीन-साडेतीन. सगळ्या गावाचं नेट यावर चालणार नाही, हे यातून दिसतंच. गावातली कोणती तीन घरं, हा विचार करायचा.

तेव्हा निवड. घर महामार्गाच्या किंवा गावठाणाच्या जवळ असेल तर आधी ग्रामपंचायतीत जा. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची होती. कपाटावर ठेवलेल्या पेटीचा हिरवा दिवा लागतो का, की रस्त्याच्या खोदकामात वायर तुटल्यापासून ती बंद आहे, हे ग्रामसेवकाला विचारा. चालू असेल आणि कोणी तिथून घरापर्यंत वायर ओढून देत असेल, तर चारशे ते सहाशे रुपये महिन्यात मिळणाऱ्या फायबरपुढे उपग्रह टिकत नाही. फायबर नसेल पण फाइव्ह-जी येत असेल, तर २०२३ पासून जिओ आणि एअरटेल दोघांचीही एअरफायबर सेवा आहे. छपरावरचं यंत्र टॉवरकडून नेट घेतं. तेही नसेल तर आणखी एक साधा उपाय: सिम टाकायचा फोर-जी राउटर आणि वीस फुटी पाइपावर टॉवरच्या दिशेने रोखलेली बाहेरची अँटेना. घरात एक काडी दिसणाऱ्या जागी पाइपाच्या टोकाला तीन दिसतात, असं पुष्कळदा होतं. हा उपाय कोणी विकायला येत नाही, कारण त्यात कोणाला फारसं सुटत नाही.

या तिन्ही पायऱ्या चढून हाती काही लागलं नाही, तर उपग्रह. तिथेही पहिली पाहणी आभाळाची. फ्री डिशला आग्नेयेची एक खिडकी पुरते. या पाटीला वरचं मोठं आभाळ मोकळं लागतं. कंपनीच्या अॅपमध्ये फोनचा कॅमेरा आभाळाकडे फिरवला की कुठली फांदी आड येते ते दिसतं. एक काळजी घ्या: ही पाहणी फाल्गुन-चैत्रात करू नका. तेव्हा साग आणि पळस उघडे-बोडके असतात, सगळं आभाळ आपलंच वाटतं. श्रावणात तोच साग परातीएवढी पानं घेऊन उभा राहतो आणि मग दर दोन मिनिटांनी कॉल तुटतो. पाटी टिनांवर नुसती ठेवू नये; मेच्या वादळात टिनाच जागेवर राहत नाहीत. भिंतीत रोवलेला पाइप, घट्ट क्लॅम्प आणि वेगळं अर्थिंग. आपल्याकडे जूनच्या तोंडाशी आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत विजा पडतात, तेव्हा अर्थिंगची कसर घरातल्या टीव्हीपर्यंत जाते. वानरांचा बंदोबस्त ज्याचा त्याने ठरवावा. माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नाही.

मग लाइन. नेहमीचा संच सरासरी ७५ वॉट खातो असं धरा. चोवीस तास चालला तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. ऐकायला थोडे वाटतात. पण महावितरणचा घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांवर संपतो आणि पुढचा दर चांगलाच चढा आहे. ज्या घराचं बिल ऐंशी युनिटांवर येतं, ते या एका यंत्राने टप्पा ओलांडतं, आणि नेटच्या खर्चात हे कोणी धरत नाही. रात्री बंद ठेवा, किंवा याच्या निम्म्याच्या आसपास वीज खाणारा लहान संच मिळाला तर तो पाहा. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासाच्या नव्या बॅटरीवर हे एकच यंत्र बारा-चौदा तास निघेल. बॅटरीने तीन-चार उन्हाळे पाहिले असतील तर निम्मेही निघणार नाहीत. लाइन गेली की टॉवरही काही वेळाने बसतो, तेव्हा बॅटरीवरची पाटी मात्र चालू राहते. पुराच्या, वादळाच्या दिवशी हा तिचा मोठा गुण.

काय कामासाठी हवं, तेही एकदा मनाशी ठरवा. शेतकऱ्याच्या बऱ्याच अडचणी घरात सुटत नाहीत. ई-पीक पाहणीचा फोटो वावरात, धुऱ्यावर उभं राहून घ्यायचा असतो. घरावरची पाटी तिथे येत नाही. उपग्रहातून थेट साध्या फोनवर संदेश आणण्याचं तंत्र परदेशात सुरू झालं आहे, पण ती वेगळी सेवा, तिच्या भरवशावर आज पैसे गुंतवू नका. याउलट पोरीचा ऑनलाइन क्लास, महाडीबीटीचा अर्ज, केवायसी, पुण्यातल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणं, तांड्यावर बसून सेवा केंद्र चालवणं, यांना घरातली स्थिर जोडणी लागते. सेवा केंद्र चालवणाऱ्याला डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा, कारण त्याचं काम कागद स्कॅन करून वर चढवण्याचं. करारात अपलोडचा आकडा वेगळा विचारा. डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो, पाटी बिघडली तर माणूस येतो की कुरिअर, आणि संच परत केला तर पैसे किती मिळतात, हेही लिहून घ्या.

तांड्यावर एक जोडणी घेऊन आठ घरांनी वाटून घ्यावी, हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो आणि तो वाईट नाही. पण परवानगीशिवाय नेट विकणं कायद्यात बसत नाही. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी ही रीत आहे. किराणा दुकानदारही तिच्यातून परवाना शुल्काशिवाय वाय-फाय विकू शकतो. आपली उपग्रह कंपनी तिच्या जोडणीवर असं करू देते का, हे मात्र करारात पाहावं लागेल.

राज्याच्या इरादापत्रात भर आहे तो शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधांवर. म्हणजे आपल्या भागात पहिली पाटी बसली तर ती बहुधा एखाद्या शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या छपरावर बसेल. उद्घाटनाच्या दिवशी ती चालणारच. जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज बिल थकल्याने तोडली जाते, हे महाराष्ट्रात नवीन नाही. ज्या शाळेला दिव्याचं बिल भरायला पैसे नाहीत, तिच्या नेटचं बिल दुसऱ्या वर्षी कोण भरणार, हे ग्रामसभेत पहिल्याच बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घेतलेलं बरं. आणि ज्यांना आपल्या घरासाठी घ्यायची आहे, त्यांना शेजारच्या छपरावर ती एक पूर्ण पावसाळा फुकट बघायला मिळेल. जुलैच्या दुपारी ती किती वेळ बसते, लाइन गेल्यावर मास्तर काय करतात, पाटीवरची पानं झाडायला कोण चढतं, तक्रार केल्यावर किती दिवसांनी कोण येतं, हे पाहून ठेवा. दिवाळीपर्यंत पुरेसं कळेल. सोयाबीनचे पैसेही तेव्हाच हातात असतात.